सहा पॉइंट दोनचा भाव

भिलाईत माणसाची ओळख आकड्यांवरून पटते. सेक्टर कितवा, सडक कितवी, क्वार्टर नंबर किती, बाबांची कारखान्यातली पाळी पहिली की तिसरी. हे सगळं विचारून झालं की मुद्द्याचा आकडा येतो: पोराचा जेईईचा रँक किती? भिलाई-३ ला तर आकडा गावाच्या नावातच येऊन बसला आहे. स्टेशनच्या पाटीवर नुसतं 'भिलाई' लिहिलेलं असतं. त्या पाटीच्या भरवशावर उतरलेल्या पाहुण्याला कळतं, की कारखान्याच्या वसाहतीत जायचं तर पॉवर हाउसला नाहीतर भिलाई नगरला उतरायला हवं होतं. भिलाई-३ आणि त्याला चिकटलेलं चरोदा ही मुख्यतः रेल्वेची वस्ती, मालगाड्यांच्या मोठ्या यार्डाची. इथली कित्येक मराठी घरं गोंदिया, भंडारा, नागपूरकडून रुळांच्या वाटेनेच आलेली. घरात विदर्भाची मराठी, दारात हिंदी, आणि भाजीवाल्याशी जमेल तशी छत्तीसगढी.

अशाच एका घरातला एक मुलगा नमुन्यादाखल घ्यावा. त्याचं नाव सांगत नाही. असा मुलगा गल्लीगल्लीत असतो, तेव्हा वाचकाने आपल्या ओळखीतलं नाव घालून वाचावं.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत मदतीचा करार १९५५ चा, आणि पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ ला. पुढे या गावाने पोलादाच्या जोडीला आयआयटीत जाणारी मुलं काढायला सुरुवात केली आणि दोन्ही मालांचं नाव झालं. पण भट्टीतून पोलादाबरोबर स्लॅगही निघतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपला नमुना त्या दुसऱ्या वाटेने बाहेर पडला. स्लॅगचं सिमेंट होतं, तसं त्याचं मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालं. चार वर्षांनी हातात पडलं ६.२ सीजीपीए आणि सोबत दोन बॅक. महाराष्ट्रात ज्याला एटीकेटी म्हणतात ती इकडे 'बॅक' होते आणि ती 'लागते', नजर लागावी तशी. दोनातली एक बॅक लागली एम-३ मध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणितात. भिलाई-३ चा मुलगा एम-३ मध्ये अडकला, यावर कॉलेजात जेवढे विनोद व्हायचे तेवढे होऊन गेले आहेत.

मग फायनान्स कुठून आलं? मोबाइलमधून. कोरोनाच्या काळात देशभर डीमॅट खाती उघडायची लाट आली. ऑगस्ट २०२२ मध्ये अशा खात्यांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला, त्यातलं एक याचं. आधी शेअर, मग ऑप्शन. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० किरकोळ व्यापाऱ्यांपैकी ९३ जण तोट्यात गेल्याचं दिसलं. आयुष्यात पहिल्यांदाच नव्वदच्या वरच्या टक्क्यांत याचं नाव लागलं. एवढा तोटा झाल्यावर दुसऱ्या कुणी हा नाद सोडला असता. याने ठरवलं की या विषयात रीतसर मास्टर्स करायचं.

घरात बैठक बसली. नागपूरचे मामा फोनवर होते.

"फायनान्स म्हणजे एलआयसीच नं बे?"

"नाही मामा. रिस्क मॅनेजमेंट, व्हॅल्युएशन वगैरे."

"मंग तुह्या मार्कांचं व्हॅल्युएशन कोण करून राह्यलं?"

मामांचा प्रश्न खोचक असला तरी गैरलागू नव्हता. फायनान्स या विषयाचं सगळं दुकान एकाच प्रश्नावर चालतं: अमुक वस्तूचा आजचा भाव काय? आणि ६.२ या वस्तूचा भाव ठरवायला बसलं की कळतं, बाजार एक नाही, अनेक आहेत.

जेवणाच्या टेबलावर आठ सेमिस्टरच्या मार्कशीट मांडून हिशेब सुरू होतो. सरळ दहाने गुणलं तर ६२ टक्के. फर्स्ट क्लास, पेढे आणा. सीबीएसईने दहावीसाठी प्रसिद्ध केलेल्या ९.५ ने गुणलं तर ५८.९; पेढे परत. हा ९.५ आला कुठून? सर्वांत वरच्या श्रेणीतल्या मुलांच्या गुणांची सरासरी ९५ च्या आसपास निघाली, तिला दहाने भागलं. म्हणजे पहिल्या बाकावरच्या मुलांच्या सरासरीने शेवटच्या बाकावरच्याचे टक्के काढायचे. तिसरा हिशेब एआयसीटीईच्या तक्त्याचा. तिथे सीजीपीएतून आधी पाऊण वजा होतो आणि मग दहाने गुणायचं, की उरतात ५४.५. पोरगा तोच, मार्कशीट त्याच, टेबलही तेच, पण सूत्र बदललं की साडेसात टक्के उडतात. वडील रेल्वेतले. प्रवासात माल इतका घटला तर चौकशी बसते, एवढं म्हणून ते पेपर वाचायला घेतात.

आयआयएमच्या प्रवेशासाठीच्या कॅट परीक्षेच्या नियमावलीने या बाबतीत शहाणपणा दाखवला आहे. विद्यापीठाने रूपांतराची पद्धत प्रमाणित केली असेल तर ती लावायची. तशी पद्धत नाही, असं विद्यापीठ सांगत असेल तर मिळालेल्या सीजीपीएला कमाल सीजीपीएने भागून शंभरने गुणायचं. कॅट द्यायला पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांतल्या काहींना आणि दिव्यांगांना ४५. म्हणजे आपला मुलगा दारातून आत येतो. पण आत आल्यावर त्याची गाठ दहावीशी पडते.

आयआयएमच्या निवडीत दहावीचे गुण धरतात, हे कळलं तेव्हा पोराच्या आईच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, त्याचं वर्णन कठीण आहे. "तरी मी तेव्हा सांगत होती," एवढंच ती म्हणाली. अहमदाबादच्या आयआयएमची गेल्या काही वर्षांतली पद्धत पाहिली तर दहावीला ५५ टक्क्यांपर्यंत असणाऱ्याला १ गुण मिळतो आणि ९० च्या वर असणाऱ्याला १०. पंधराव्या वर्षी भूमितीच्या पेपरला ताप आला असेल तर तेविसाव्या वर्षी तो अहमदाबादेत मोजला जातो. नोव्हेंबर २०२४ च्या कॅटला २ लाख ९३ हजार मुलं बसली. एवढ्या गर्दीत चाळणी हवीच, हे मान्य. आणि चाळणी लावणाऱ्याला प्रत्येक पोराच्या तापाची चौकशी करता येत नाही, हेही मान्य. रायपूरचं आयआयएम भिलाईकराला जवळ, २०१० पासूनचं. पण अंतर कमी म्हणून कटऑफ कमी होत नाही.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. म्युच्युअल फंडाने जाहिरातीत आपला परतावा मिरवला, की तिथेच सेबीच्या नियमाने एक कबुली असते: मागची कामगिरी पुढे टिकेल किंवा टिकणारही नाही. फायनान्स शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात हे पहिल्या आठवड्यात सांगतात. आणि त्याच वर्गात कुणाला घ्यायचं, हे ठरवताना आठ वर्षांपूर्वीचा परतावा बघतात! फंडांना लागू असलेला इशारा प्रवेश समित्यांना लागू करण्याचं अजून कुणाला सुचलेलं नाही.

देशात भाव पडला की माणूस निर्यातीचा विचार करतो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाममात्र, म्हणून पहिली नजर तिकडे. तिथे परदेशी गुणांना बव्हेरियन सूत्र लावतात. कमाल गुणांतून आपले वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. उत्तर १ आलं तर उत्तम, ४ आलं तर काठावर पास. आपल्याकडे जितकं जास्त तितकं चांगलं आणि तिकडे जितकं कमी तितकं चांगलं, हे ऐकून पोराला क्षणभर वाटलं, की आपला देश अखेर सापडला. मग हिशेब केला. पास व्हायला किमान ४ लागतात असं धरलं तर ६.२ चे २.९ होतात. किमान ५ धरलं तर ३.२८. म्हणजे विद्यापीठ पास करण्यात जितकं कडक, तितका त्याच गुणांचा मुलगा जर्मनीत ढ. आणि फायनान्सच्या कित्येक अभ्यासक्रमांत रेघ २.५ च्या आसपास मारलेली असते. त्यापुढे नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना लागू झालेलं, कागदपत्रं खरी असल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र, आणि सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी खात्यात अडकवून ठेवायचे ११,९०४ युरो. या रकमेचे रुपये करून झाल्यावर वडिलांनी पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

ब्रिटनमध्ये वेगळीच तऱ्हा. अनेक विद्यापीठं भारतातला फर्स्ट क्लास, म्हणजे ६० टक्के, स्वतःकडच्या टू-वन, म्हणजे वरच्या सेकंड क्लासच्या, बरोबरीचा धरतात. काही जण मग पदवी कुठली, कॉलेज कुठलं, असं खोदत जातात. इथे पुन्हा ६२ आणि ५४.५ यांचं भांडण. एकाच मुलाला एका सूत्राने लंडन आणि दुसऱ्या सूत्राने शेजारचं दुर्ग.

तर मग उरतं ते नवं काहीतरी करून दाखवणं. जीमॅट ही परीक्षा पूर्वी ८०० ची असे, नोव्हेंबर २०२३ पासूनची नवी आवृत्ती २०५ ते ८०५ या मापात आहे, आणि तिचा निकाल पाच वर्षं चालतो. तिच्यात चांगले गुण पडले तर जुन्या गुणांवर थोडी सफेदी बसते. सीएफएचं तर त्याहून चांगलं. तिथे पहिल्या पायरीला पदवीचे टक्के कुणी विचारत नाही, पदवी हातात यायला २३ महिने असतानाही बसता येतं. असं औदार्य दिसलं की समजावं, परीक्षाच अवघड आहे. पहिल्या पायरीवर निम्म्याहून जास्त उमेदवार सहसा नापास होतात. टक्के न विचारणारी माणसं नंतर स्वतः टक्के काढून घेतात.

पण खरी गंमत गणितात आहे. फायनान्सच्या मास्टर्सची समिती सीजीपीएवरून नजर फिरवते आणि थांबते ती गणिताच्या विषयांवर: कॅल्क्युलस, संभाव्यता, डिफरन्शियल इक्वेशन. आपल्या मुलाने इंजिनिअरिंग सोडलं ते या गोष्टींपासून सुटका व्हावी म्हणून. त्याला वाटलं, फायनान्समध्ये टाय घालायचा असतो. पण १९७३ मध्ये फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी ऑप्शनच्या किमतीचं जे समीकरण मांडलं, त्यात चलांची थोडी अदलाबदल केली की खालून निघतं उष्णतेचं समीकरण. लोखंडी सळई एका टोकाला तापवली तर दुसऱ्या टोकाला उष्णता कशी पोचते, हे सांगणारं, फूरियेने १८२२ मधल्या पुस्तकात मांडलेलं, आणि एम-३ च्या पेपरात आठ गुणांना आलेलं. ज्या प्रश्नापुढे पोराने 'ऑप्शनल' असं लिहून वहीचं पान उलटलं होतं, तोच प्रश्न आता ऑप्शन हे नाव धारण करून दारात उभा आहे. भट्टीच्या गावच्या मुलाला उष्णतेने एवढं छळावं, हा योगायोग कारखान्याच्या माहितीपत्रकात घालण्यासारखा आहे.

हुशार मुलांनी फार फुशारू नये म्हणून पुढची हकिगतही सांगून टाकू. याच कामासाठी शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघेही एलटीसीएम नावाच्या फंडात भागीदार होते. वर्षभराच्या आत, सप्टेंबर १९९८ मध्ये, तो फंड इतका बुडाला की अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने बँकांना एकत्र बसवून ३.६ अब्ज डॉलर उभे करायला लावले. त्या दोघांच्या मार्कशीटमध्ये बॅक नव्हती, असं समजायला हरकत नाही.

आता अर्जासोबतचं निवेदन. विद्यापीठं 'गुण कमी असल्यास कारण लिहा' असा एक चौकोन देतात. आपल्याकडच्या मुलांचे गुण फक्त पाच कारणांनी कमी होतात: डेंग्यू, कावीळ, आजोबांचं आजारपण, कॉलेजच्या फेस्टची जबाबदारी आणि कोरोना. यातलं कोरोनाचं कारण छत्तीसगढच्या मुलांनी जपून वापरावं. त्या काळात इथल्या विद्यापीठांनी घरी बसून उत्तरपत्रिका लिहायची सोय केली होती. पुस्तक समोर, मोबाइल हातात, चहा आईच्या हातचा. तेव्हाही ज्याचे गुण वाढले नाहीत, त्याने ते सेमिस्टर लपवणं बरं. नाहीतर प्रामाणिकपणा एवढा असल्याचं सांगावं, की पुस्तक समोर असूनही उघडलं नाही.

शिफारसपत्राचा मामला आणखी नाजूक. विद्यापीठाला हवं असतं जवळून ओळखणाऱ्या प्राध्यापकाचं पत्र. आपल्या मुलाला जवळून ओळखणारी माणसं म्हणजे हजेरी कमी पडल्यावर दंड भरून घेणारे क्लार्क आणि कँटीनवाले. शेवटी एखादे सर दयाळूपणे म्हणतात, "तुम लिख के ले आओ, मैं साइन कर दूँगा." ही रीत देशभरची. मग रात्री दोन वाजता एम-३ मध्ये नापास झालेला मुलगा स्वतःच्या विश्लेषक बुद्धीबद्दल तिसऱ्या पुरुषात लिहायला बसतो. दहा ओळी लिहून झाल्यावर त्यालाच वाटू लागतं, या मुलाला आपण भेटायला हवं होतं.

खऱ्या शिफारसपत्राची ताकद काय असते, यासाठी मुंबईकडे आणि शंभरेक वर्षं मागे जावं लागतं. १९०७ मध्ये परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून, एल्फिन्स्टन हायस्कुलातून एक मुलगा मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२. टक्के ३७.६. त्या गुणांवर त्याला आजच्या कुठल्याही चाळणीने बाहेर ठेवलं असतं. भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. तिथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, असं करत फ्रेंच आणि जर्मनपर्यंत. १९१५ मध्ये एम.ए. सार्वजनिक वित्तव्यवहाराचे त्या काळचे मोठे पंडित एडविन सेलिग्मन यांनी लंडनमध्ये प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहून आंबेडकरांची शिफारस केली. ते पत्र आंबेडकरांनी लिहून सेलिग्मनसमोर सहीला ठेवलं नव्हतं.

१९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश, शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये परत, मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२१ ची त्यांची एम.एस्सी. ब्रिटिश भारतातल्या साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचं प्रांतिक विकेंद्रीकरण या विषयावर, म्हणजे सरळसरळ फायनान्सची. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. प्रबंध छापला तेव्हा प्रस्तावना लिहिली एडविन कॅनन यांनी, आणि त्यांना आंबेडकरांचे सगळे मुद्दे पटलेले नव्हते, तेही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं.

कमी गुणांची मुलं निवेदनात हा दाखला हमखास घालतात. घालू नये. त्या २८२ गुणांमागे शाळेत पाण्याला हात लावू न देणारा समाज होता; ६.२ मागे यूट्यूब होतं. दाखल्यातून घेण्यासारखी गोष्ट आहे ती २९ या आकड्यात. जुना आकडा पुसता येत नाही, पण त्याच्या शेजारी नवा, मोठा आणि त्याच विषयातला आकडा मांडता येतो, आणि समितीतला निदान एक माणूस तो वाचतो. आपल्या मुलाला ही सोय भिलाई-३ मध्ये बसून आहे. आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे अभ्यासक्रम ऑनलाइन आहेत, त्यात संभाव्यता आहे, डिफरन्शियल इक्वेशन आहे, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, समोर पुस्तक न ठेवता. ज्या आयआयटीने त्याला घेतलं नाही, तिच्याच सरांकडून एम-३ शिकायचं. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, असलाच तर थोडा आहे.

प्रवेश मिळालाच, तर शेवटचा भाव बँक ठरवते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यावर गेलं की बहुधा घर दाखवा. रेल्वेचं क्वार्टर दाखवता येत नाही, ते रेल्वेचं असतं. स्टेट बँकेच्या स्कॉलर कर्जात तर संस्थांच्याच श्रेणीवार याद्या आहेत. पोराला आपल्या श्रेणीतून सुटका मिळाली तरी कॉलेजची श्रेणी चिकटतेच. पतजोखीम, म्हणजे दिलेले पैसे परत येतील का, हा मास्टर्समधला एक विषय. आपला मुलगा त्याचं प्रात्यक्षिक आधीच देऊन जातो. बँकेचा अधिकारी आठ मार्कशीट चाळतो, सहीची जागा दाखवतो आणि हमीदार म्हणून वडिलांकडे बघतो. वडिलांनी या वेळी पेपर आणलेला नसतो.

निकाल बहुतेक मार्च ते मेच्या दरम्यान लागतात, म्हणजे ऐन लग्नसराईत. तेव्हा भिलाई-३ पासून नागपूरपर्यंतच्या समस्त मामा, मावश्या आणि काकांना विनंती आहे: पंगतीत अशा मुलाला टक्के विचारू नका. विचारायचेच असतील तर आधी आपल्या म्युच्युअल फंडाचा गेल्या तीन वर्षांचा परतावा सांगा, आणि कुठल्या सूत्राने काढला तेही.